उबवणी केंद्राचा पहिला अर्ज

देवळाली प्रवरेच्या बाजूला एका साखर कारखान्यात सहादेव नावाचा बॉयलरचा फिटर आहे. माणूस सरळ, पण रिकामा हात त्याला सोसवत नाही. यंदा घरच्या कोंबड्या अंडी घालायच्या आणि चालू पडायच्या. खुडूक होऊन अंड्यांवर बसायचं नाव नाही. बायको छबूबाई कातावली, तेव्हा गड्यानं चोवीस गावरान अंडी पत्र्याच्या पेटीत भुशावर मांडली आणि पेटी नेऊन ठेवली ती थेट बॉयलरच्या गरम पाण्याच्या पाईपाला खेटून.

सतरा दिवस बिनबोभाट गेले. अठराव्या दिवशी सकाळी बॉयलरचे इंजिनिअर वैजनाथ साहेब यांनी पेटी उघडली. हा कारखाना आहे का खुराडं, असं विचारून दुपारच्या आत ती हलवायला सांगितली. आता अंड्यांना हवे होते आणखी तीनच दिवस. ऊब तुटली की चोवीसच्या चोवीस गेली.

तोंड पाडून फिरताना सहादेवाला फलकावर नोटीस दिसली. पुण्याच्या मुख्य कचेरीतून आलेल्या लीना मॅडमनी इंग्रजी शब्द टाळून अगदी शुद्ध मराठीत लिहिली होती: 'कारखान्यात उबवणी केंद्र सुरू होत आहे. इच्छुक कर्मचाऱ्यांनी आज अकरा वाजता समितीसमोर हजर राहावे.' सहादेवानं ती दोनदा वाचली. पेटी गोधडीत गुंडाळली आणि बरोब्बर अकराला समितीपुढे उभा राहिला.

"तुमची कल्पना काय?" मॅडमनी विचारलं.

त्यानं गोधडी सोडली.

समितीत वैजनाथ साहेबही होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी हसू दाबत समजावलं, की इथं कामगारांच्या डोक्यातल्या कल्पना उबवायच्या आहेत, त्यातून कंपनीचे नवे धंदे उभे करायचे आहेत. सहादेवाचे कान तापले. तो गोधडी बांधायला लागला, तेव्हा विजेशिवाय ऊब कशी राखता, असं मॅडमनी सहज विचारलं.

"पापणीला लावून. अंडं मिटल्या डोळ्यावर धरायचं. चटका न्हाई, गार न्हाई, म्हंजी बेस. न्हाईतर पाईपाचा कॉक पाव फेरा फिरवायचा."

मॅडमनी थर्मामीटर मागवला. पेटीत भरले साडेसदतीस अंश, अंड्यांना लागतात नेमके तेवढेच. मग एरवी ते गरम पाणी जातं कुठं, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या माना वैजनाथ साहेबांकडे वळल्या.

"गटारात," साहेब म्हणाले.

झालं. गावोगावच्या कोंबडीवाल्यांची अंडी उबवून द्यायचा तीन महिन्यांचा प्रयोग तिथंच मंजूर झाला. पेटी परत पाईपापाशी गेली. प्रत्येक कल्पनेला त्याच खात्याचा एक मार्गदर्शक हवा, असा नियम निघाला. म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलंच. दर तासाला उष्णता नोंदवून पुण्याला कळवायचं कामही साहेबांच्याच गळ्यात पडलं.

एकविसाव्या दिवशी सहादेव पाळीवर आला, तर साहेब पेटीला कान लावून उकिडवे बसलेले. त्यानं राम राम घातला.

"हळू बोल," साहेब पुटपुटले. "आतून चोच मारतंय."

दुपारपर्यंत एकोणीस पिल्लं बाहेर आली. आनंदाच्या भरात साहेबांनी उष्णतेच्या रकान्यात 'एकोणीस' लिहून धाडलं. लगेच मॅडमचा घाबराघुबरा फोन आला, की एकोणीसवर कशी घसरली?

"घसरली न्हाई, मॅडम," फोन सहादेवानं घेतला. "चालायला लागली."