मालिपुओची कोरी भिंत

आमच्याकडे बाईचं नाव तिच्या पहिल्या लेकरावरून पडतं. लिपुओची आई ती मालिपुओ. लिपुओ राजधानीत, मासेरूच्या कापडगिरणीत कामाला गेली आणि ऑगस्टमध्ये शवपेटीतून परत आली. आईचं नाव मात्र तेच राहिलं. पाण्यावर, चर्चमध्ये सगळ्या तिला त्याच नावाने हाक मारणार आणि ती "हं" म्हणणार. रडताना मी तिला पाहिलंच नाही. सहा महिन्यांच्या सुतकाचं काळं कापड खांद्याला टाचून दारात बसायची, तोंडावर माशी बसली तरी हलायची नाही.

भिंतीवर नक्षी काढण्यात मात्र तिच्यासारखा हात नाही. ओल्या शेणमातीवर जेवणाच्या काट्याने नांगरटीसारख्या रेघा ओढायच्या, वर गेरू. पावसात वाहून जातं, पुन्हा काढायचं. या कामाला राजधानीतल्या एका कला निधीने अनुदान दिलं. अर्ज मी लिहिला. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग. पहिल्या हप्त्यात ॲप्रन आले आणि रेघा ओढायला स्टीलचे कंगवे. कंगवे बायकांनी डोक्याला लावले. दुसऱ्या हप्त्यात कामाच्या खोलीला छप्पर मिळणार होतं, पण त्याआधी अर्जातली प्रत्येक भिंत पूर्ण हवी. त्यात मालिपुओची होतीच. आणि सुतकाच्या घरावर नक्षी काढत नाहीत. काळं कापड उतरणार फेब्रुवारीत, तपासणी डिसेंबरात.

आमच्या गटाची प्रमुख मामोलेफी सगळ्यांना घेऊन तिच्या अंगणात आली.

"अगं, भिंत तुझी, सुतक तुझं, पण छप्पर आमचं ना?"

"मागच्या भिंतीवर काढू," एक म्हणाली. "मेलेल्यांना मागचं दिसत नाही."

"हिच्या सासूला सगळं दिसायचं. आता तर उंचावर बसलीय!"

सगळ्या हसल्या. मालिपुओ म्हणाली, "काढा."

"मनापासून म्हणतेस?"

"मग नका काढू."

मला असलं घोळत बसणं जमत नाही. मी विचारलं, "मालिपुओ, हो की नाही? एक काय ते सांग."

"बाई, मला दोन्ही सारखंच वाटतं."

आम्ही उठलो.

तपासणीच्या सकाळी पाहते तर तिने एकटीनेच भिंत सारवली होती. सुतकात भेगा बुजवायला हरकत नसते. भिंत गुळगुळीत, एक रेघ नाही.

निधीची बाई आली. पालेसा नाव, वयाने लहान, गावाकडचीच पोर.

"नक्षी कुठंय?"

"येतेय, मॅडम, येतेय!" मामोलेफी घाईने म्हणाली, जशी काही ती बसने येणार होती.

"येत नाहीये," मालिपुओ म्हणाली. "लेक गेली माझी. भिंत एवढीच आहे."

पालेसाने काळ्या कापडाकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, नियमात 'पूर्ण' असं आहे. मी काय लिहू?"

"दिसतंय ते लिहा."

तिने 'अपूर्ण' लिहिलं. छप्पर आलं नाही.

मालिपुओला शिव्या कोणी दिल्या नाहीत. मामोलेफी तिच्याकडे पिठाची चाळण मागायला जायची, ते मात्र बंद झालं. मालिपुओच्या हे लक्षात आलं की नाही, देव जाणे.

फेब्रुवारीत मेंढी कापली, कापड उतरवलं, जाळलं. दुसऱ्या दिवशी मामोलेफी गेरूची बादली घेऊन हजर.

"ऊठ. छप्पर गेलं ते गेलं. भिंत ओली करून ठेवलीय मी."

मालिपुओने काटा घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली, पूर्वीसारखीच सरळ. मग दुसरी.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

ती थांबली. खरंच आत काही सापडतं का, ते पाहत असावी.

"हात चालतोय, बाई," ती म्हणाली आणि पुढची रेघ ओढायला लागली.

जाता जाता मामोलेफी रस्त्यावरून ओरडली, "मालिपुओ, काटा धुऊन ठेव गं! संध्याकाळी येते चाळण न्यायला."

"हं," ती म्हणाली.