"ओले" लिहिलेला ट्रे

घायपाताच्या दोऱ्यांनी माझ्या डोक्याचा जेवढा भुगा केला, तेवढा माझ्या दोन मुलांनी मिळूनही केला नाही. पीएचडीचा हा विषय घेताना मला कोणी अडवलं कसं नाही, याचा राग अजून जात नाही. ऐकायला विषय साधा. घायपाताचे तंतू आणि काचेचे तंतू रेझिनमध्ये थरावर थर बसवायचे, त्या प्लेटच्या पट्ट्या कापायच्या, यंत्राच्या जबड्यात धरून ओढायच्या आणि किती ताण सोसतात ते बघायचं. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारायच्या, "अगं, तुझी ती दोरखंडं तुटली का एकदाची?" तुटली नव्हती. म्हैसूरला येऊन, कॉलेजातली नोकरी सांभाळत सातवं वर्ष चाललं होतं. शेवटची मुदतवाढ संपायला सहा आठवडे उरले होते. त्यात पट्ट्या नीट निघाल्या तर पदवी, नाहीतर सात वर्षं बासनात.

प्रयोगशाळेत मला एकच आधार होता, तिथले इन्स्ट्रक्टर. मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि ते वयाने मोठे असूनही मला अक्का म्हणायचे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आलेले, घरात अजून मराठी. पण कसली मराठी! "अक्का, तंतू चेन्नागी वाळलेत. स्वल्प थांबा, नाळे प्लेट करूया." मी पडले महाराष्ट्रातून आलेली, शुद्ध बोलण्याचा तोरा मिरवणारी. शहराबाहेरच्या येलवालहून बस पकडून घामाघूम होऊन पोचायचे आणि पोचल्या पोचल्या सुरू व्हायचे, "चेन्नागी नाही अण्णा, चांगले. नाळे नाही, उद्या." ते हसून "उद्या, उद्या" म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा नाळे. सरगूरला त्यांच्या मेहुण्याच्या शेताच्या बांधावर घायपात होतं. तिथून पानं कुजवून, धुऊन, विंचरून तंतू तेच आणून द्यायचे. त्याबद्दल त्यांचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. चुका काढल्याचं मात्र चांगलं आठवतं.

घायपाताचा मोठा वैताग म्हणजे ते पाणी सोडत नाही. कॉस्टिक सोड्यात भिजवून धुतलं की दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं, पण आत ओल तशीच असते. ते तसंच रेझिनमध्ये घातलं की बुडबुडे धरतात आणि थर एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून आधी ओव्हनमध्ये वाळवायचं आणि लगेच पिशवीत बंद करायचं. शेवटच्या फेरीचे तंतू मी असे वाळवले, पिशवीत भरले आणि पिशवी कपाटात टाकली. पुढच्या प्रयोगासाठी नुकते धुतलेले तंतू ट्रेमध्ये पसरून टेबलावर ठेवले आणि ट्रेवर चिठ्ठी लावली, "ओले". ठसठशीत अक्षरात, मराठीत, कारण अण्णांना शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी वाचता यायची आणि त्यांची मराठी सुधारायचा विडा मी उचलला होता. पिशवीवर काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षेची ड्यूटी आली, म्हणून फोन करून सांगितलं, "अण्णा, ओव्हनवाले तंतू घ्या आणि प्लेट करून ठेवा."

त्यांनी केली. आठवड्याने यंत्र मोकळं मिळालं. पहिली पट्टी लावली, तर आकडा वर चढायच्या आतच तिचे थर भिजलेल्या वहीच्या पुठ्ठ्यासारखे सुटले. दुसरी तशीच, तिसरी तशीच. पाचवीला मी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. कपाट उघडलं, तर माझी पिशवी जशीच्या तशी.

"अण्णा, तुम्ही ट्रेमधले तंतू घेतलेत? त्यावर ओले लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं की. म्हणूनच घेतले."

माझा तोल गेला. "पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलता आणि साधं ओले कळत नाही? नको मला तुमची ही मराठी! यापुढे माझ्याशी कन्नडातच बोला."

प्रयोगशाळेत तेव्हा दहाबारा विद्यार्थी होते. अण्णांनी ट्रेवरची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "अक्का, आमच्या घरी ओले म्हणजे चूल. कन्नडातपण चुलीला ओलेच म्हणतात, अल्वा? तुम्ही फोनवर ओव्हन म्हटलं, इथं ओले लिवलेलं. मला वाटलं, ओव्हनला शुद्ध मराठीत लिवलंय." मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "भिजलेल्याला आमी वल्लं म्हंतो."

मला इतकी लाज वाटली, की आणखीच चिडचिड झाली. राग काढायला आता घायपात आणि पिशवीवर दोन अक्षरं न लिहिणारी बाई एवढेच उरले होते. मी "सॉरी" म्हणाले. तेही इंग्रजीत.

पिशवीतले तंतू एका प्लेटपुरते होते. ते पुन्हा वाळवले. या वेळी नव्याने धुतलेल्या तंतूंच्या ट्रेवर मी मुद्दाम मोठ्या अक्षरात "वल्ले" लिहिलं आणि ते वाचून अण्णा हसतील म्हणून तिथेच घुटमळले. त्यांनी वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि खाली इंग्रजी कॅपिटलमध्ये "वेट" लिहिलं. हसले नाहीत. पण प्लेट त्यांनीच केली, एकेक बुडबुडा रोलरने दाबून काढत, मला जमली नसती इतक्या निगुतीने.

मुदत संपायला नऊ दिवस असताना आम्ही पट्टी लावली. जबडे त्यांनी आवळले. आकडा चढत राहिला, करकर वाजायला लागलं आणि पट्टी तुटली. काच आणि घायपात एकाच जागी तुटले, एकही थर सुटला नाही. असं तुटायला हवं म्हणून मी सात वर्षं वाट बघत होते. पाचही पट्ट्या तशाच तुटल्या. माझी पदवी वाचली होती. आनंदाने मी अण्णांकडे वळले. चांगला आकडा आला की ते नेहमी टेबलावर थाप मारून म्हणायचे, "झालं की हो, अक्का!"

त्यांनी तुकडे गोळा केले, प्रत्येकावर नंबर टाकला आणि यंत्र बंद केलं.

"आयितु, मेडम," ते म्हणाले.

आयितु म्हणजे झालं. तेवढं कन्नड मला येतं.