फाटकावर भेटणारा भाऊ

हमरस्त्यावरचा जुना पूल पार थकला होता. खांबांना तडे गेले होते, म्हणून जड ट्रकना त्यावरून बंदी होती. ट्रक आधी वजनकाट्यावर चढायचा. वजन जास्त भरलं, की निम्मा माल कडेला उतरवून दोन खेपांत पलीकडे न्यायचा, नाहीतर लांबचा वळसा घालायचा. हे सगळं बघणाऱ्या फाटकवाल्याला ड्रायव्हर काटेकाका म्हणत. माणूस वाईट नव्हता हो, पण नियमाच्या बाबतीत निव्वळ दगड. मंत्री आला असता, तरी काकांनी आधी त्याची गाडी काट्यावर चढवली असती.

एकदा त्यांचा धाकटा भाऊच सिमेंटने भरलेला ट्रक घेऊन आला. वजन थोडंसंच जास्त होतं. "दादा, एवढ्या वेळी सोड," तो हळूच म्हणाला. काकांनी चारचौघांत सुनावलं, "भाऊ असशील तो घरी. इथे गोण्या उतरव!" मागचे ड्रायव्हर खो खो हसले. भावाने मुकाट्याने गोण्या उतरवल्या आणि त्या दिवसापासून दादाशी बोलणं टाकलं. घरी येणंही बंद केलं.

वजनाच्या बाबतीत काकांचं काही चुकलं नव्हतं. पण तेच नीट सांगता आलं असतं, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग काय? थोरल्याने आधी कसं बोलायचं, यातच वर्षं गेली. बायको म्हणायची, "तोंडातून एक शब्द काढायला काय जातं तुमचं?" काका ऐकून न ऐकल्यासारखं करत.

तरी भावाचा ट्रक फाटकावर थांबायचाच. काच अर्धी खाली यायची, काट्याची पावती बाहेर यायची, भावाची नजर मात्र सरळ समोर. काका पावती उगाच उलटसुलट करत राहायचे. भाऊ वाळलाय, दाढी पिकत चाललीय, एवढं तेवढ्यात बघून घ्यायचे.

मग शेजारी नवा पूल उभा राहिला. ड्रायव्हर मंडळी खूश, कारण त्यावर ना काटा, ना फाटक. काकांची बदली गोदामावर झाली होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. भाऊ आता न थांबता भुर्रकन निघून जाईल, या विचाराने मात्र त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

जुन्या पुलाच्या शेवटच्या दिवशी भावाचा ट्रक आला. वजन बरोबर होतं. काकांनी पावती परत दिली, पण फाटक काही उचललं नाही. मागून हॉर्न वाजू लागले.

"वजन बरोबर आहे ना?" शेवटी भावालाच बोलावं लागलं.

"बरोबर आहे."

"मग?"

"उद्यापासून तू इथे थांबणार नाहीस रे."

भावाने इंजिन बंद केलं. "घर काय पुलावर आहे तुझं, दादा? घराचा रस्ता ठाऊक आहे मला."

"मग आला का नाहीस कधी?"

"तू ये म्हणालास कधी?"

मागे कुणीतरी शिवी हासडली. एरवी रांग जरा खोळंबली तरी कासावीस होणारे काका तिला खुशाल ताटकळत ठेवून ट्रकच्या पायरीवर चढले आणि त्यांनी भावाचा हात धरला.

"वजनाचं नाही, बोलण्याचं चुकलं माझं. ये. आज जेवायलाच ये."