गोदामातल्या शाळेचं सिलिंग

आष्टीला मी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा शाळा सरकीच्या जुन्या गोदामात भरायची. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि मधे छातीएवढ्या उंच फळ्या ठोकून केलेले चार वर्ग. शेजारी पाढे सुरू झाले की ते पत्र्यावर आपटून माझ्या वर्गात पडायचे. मी आवाज चढवायची, मग माझ्यामुळे शेजारचे गुरुजी चढवायचे. दुपारपर्यंत कुणाचंच कुणाला कळेनासं व्हायचं.

दुसऱ्या वर्षी माझा घसा बसला तो बसलाच. संध्याकाळी घरी आले की तोंड उघडावंसं वाटत नसे. सासूबाईंनी काही विचारलं तर मी नुसती मान हलवायची. काही दिवस त्यांनी सोसलं. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, “आमचं काही चुकलं का बाई? सांगून तरी टाक. दिवसभर लेकरायशी बोलती, घरात मात्र मुकी होऊन बसती.”

मी गळ्याला हात लावून दाखवला. त्यांना ते पटलं की नाही, कुणास ठाऊक. समजावून सांगायचंही त्राण नव्हतं.

जालन्याच्या डॉक्टरांनी बोलणं बंद ठेवायला सांगितलं. शिकवणाऱ्या बाईनं बोलायचंच नाही, तर करायचं काय? मी हेडमास्तरांकडे गेले आणि कुजबुजत म्हणाले, “सर, पत्र्याखाली काहीतरी लावा, नाहीतर मला मोकळं करा.”

उन्हासाठी सिलिंग करायचं संस्थेनं ठरवलंच होतं. काम घेतलेल्या गुत्तेदारानं सिमेंटचे सपाट पांढरे पत्रे आणले होते. पुसता येतात, वाळवी लागत नाही, असं तो सांगत होता. हेडमास्तरांनी एकावर बोटानं टकटक केलं. तो खणखणला.

“हे बी वरच्यासारखंच बोलून राह्यलं,” ते म्हणाले. “दुसरं काही हाय का?”

दुसरं जालन्याच्या एका थेटरात होतं. उसाच्या चिपाडाचे मऊ बोर्ड, बारीक बारीक भोकांचे. एका रविवारी सकाळी हेडमास्तर, गुत्तेदार आणि मी ते पाहायला गेलो. थेटर रिकामं होतं. मला शेवटच्या रांगेत बसवून हेडमास्तर पडद्यापाशी गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, “बाई, बराबर ऐकू येतं का?”

शब्द न् शब्द आला. मागून काही घुमलं नाही.

“येतं, सर,” मी म्हणाले. घसा न ताणता म्हणाले, तरी त्यांना तिथवर ऐकू गेलं.

मग त्या दोघांचं थेटरच्या मॅनेजरशी वाळवीचं, गळतीचं बोलणं सुरू झालं. मी बसून राहिले. कानांना इतका निवांतपणा कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. डोळा कधी लागला समजलं नाही. जाग आली तेव्हा हेडमास्तर पुढच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गुत्तेदार निघून गेला होता, आमची एसटीही.

“उठवायचं जिवावर आलं,” ते म्हणाले. “बोर्ड हेच घेऊ.”

पण संस्थेचे लोक कचरले. गळक्या पत्र्याखाली चिपाड कुजेल, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. शेवटी मधल्या दोन वर्गांवर मऊ बोर्ड आणि दोन्ही टोकांना सिमेंटचे पत्रे, असं ठरलं. माझा वर्ग टोकाचा होता. हेडमास्तरांनी मला हे खाली बघत सांगितलं. मला भांडावंसंही वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सिलिंग लागलं. शाळा उघडली त्या दिवशी शेजारचे गुरुजी आपली छडी आणि खडूची डबी घेऊन माझ्या दारात आले. पिकलेले केस, निवृत्तीला आलेले.

“बाई, तुम्ही माझ्या वर्गात जा,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“मला आता ऐकू बी कमीच येतं. अन् माझं किती राह्यलं? तुम्हाला लई वर्षं काढायचीत.”

मी गेले. गोंगाट पुरता थांबला नाही. फळ्यांवरून टोकाच्या वर्गांचा आवाज यायचाच. पण ओरडावं लागेना. हळूहळू माझा आवाज परत आला, घोगरा, आणि तो तसाच राहिला. पावसाळ्यानंतर कोपऱ्यातला एक बोर्ड फुगून लोंबायला लागला. तो कुणी बदलला नाही.

गुरुजी टोकाच्या वर्गात दिवसभर ओरडत राहिले. मधल्या सुट्टीत मी त्यांना माठातलं पाणी नेऊन द्यायची. ते पाणी प्यायचे, मग आम्ही दोघं ओसरीवर घंटा होईपर्यंत काही न बोलता बसायचो.