रत्नाचं कोलेस्टेरॉल आणि मामाजींची गोळी

मामाजींचा फोन आला तेव्हा मी नववीच्या पोरींना पेशी शिकवत होते. "रत्ना गेली वं... हार्ट अटॅक," एवढंच म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून रडत राहिले. रत्ना माझी सौंसरच्या शाळेपासूनची मैत्रीण. आईबाप लवकर गेले, तिच्या मामांनी, म्हणजे मामाजींनी, नगरपालिकेतल्या नोकरीवर तिला वाढवलं, शिकवलं, आणि ही बाई हैदराबादच्या प्रयोगशाळेत मेंदूवर संशोधन करायला गेली. एकोणपन्नास हे काय जायचं वय आहे? दीड महिना झाला, माझा राग काही जात नाही.

कोलेस्टेरॉल म्हटलं की आपली माणसं छातीवर हात ठेवतात. रत्ना कपाळावर बोट ठेवायची. मेंदूतल्या पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, आणि सेरोटोनिनसारखे निरोप धरणारे रिसेप्टर त्यात रुतून बसलेले असतात. तिनं त्या आवरणातलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं. रिसेप्टर होता तिथंच होता, पण निरोप नीट धरेना. परत घातलं, तर धरायला लागला. मला समजेना, तेव्हा म्हणाली, "खाटेचे पाय मजबूत असून काय फायदा वं? दोरी ढिली असली तं बसणाऱ्याचा तोल जातेच ना!" एका बड्या प्राध्यापकानं भर सभेत तिला टोकलं होतं, की बाई, रिसेप्टर सोडून त्याच्या शेजारच्या चरबीत काय वेळ घालवता? ही म्हणाली, "सर, शेजाऱ्याशिवाय महिनाभर राहून पाहा." अशी होती आमची रत्ना. कोणाच्या बापाला भ्यायची नाही.

एकदा आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत तिचं भाषण ठेवलं. मामाजी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पहिल्या रांगेत बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळीच बंद केली! "भाचीच सांगून राहिली, मेंदूले कोलेस्टेरॉल पाहिजे म्हणून. मंग गोळी कायले?" मी रत्नाला कळवलं, तर बाईसाहेब मिळेल त्या गाडीनं हजर. "मामा, रक्तातलं वेगळं, मेंदूतलं वेगळं! मेंदू आपलं आपणच बनवते, रक्तातलं तिथं जवळपास जातच नाही. तुमची गोळी हृदयासाठी हाये. घ्या मुकाट्यानं." आणि पाण्याचा गिलास हातात दिला.

ती स्वतःही रोज हीच गोळी घ्यायची. तरी गेली... विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा एक पाहुणे उठले आणि म्हणाले, "जिनं जन्मभर कोलेस्टेरॉलची वकिली केली, तिले त्यानंच नेलं." दोघं-तिघं चक्क हसले. मी उभी राहिले. "वकिली नाही, अभ्यास केला तिनं! गोळीनं धोका कमी होते, मरण रद्द होत नाही. एवढं समजत नसन तं खाली बसा." पाहुणे बसले. पण मामाजी मान खाली घालून होते, आणि त्यांनी माझं काही ऐकलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी पांढुर्ण्यातल्या त्यांच्या घरी गेले तर गोळ्यांची पट्टी तशीच पडलेली. "शिकलीसवरली माझी पोर गोळी घेऊनही गेली. मी म्हातारा कायले खाऊ?" मग हळूच म्हणाले, की सकाळी सातला तिचा फोन यायचा, आणि गोळी गिळेपर्यंत ती फोन ठेवायची नाही. आता फोन येत नाही, तर गोळी कोणासाठी घ्यायची... मीही रडले. पण रडून त्यांचं ऐकलं असतं तर मी रत्नाची मैत्रीण कसली? तिच्या संशोधनावर हसणारे हसोत, पण तिच्या माघारी हा माणूस मी असा मरू देणार नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सातला मी त्यांच्या दारात असते. कालही मामाजी भडकले.

"रोज रोज काऊन येतं वं? एक दिवस तूही जाशीन, मंग?"

"जाईन ना. तोवर आ करा."