आईचं ताट

मिरजगावच्या रस्त्यावर कोळशावर चालणारी मोटार उभी होती आणि काही केल्या सुरू होत नव्हती. निरोप घेऊन झाला होता, तरी आम्ही तासभर तसेच ताटकळत उभे. आई माझ्याकडे न बघता रस्त्यावरच्या धुळीकडे बघत होती. लढाईमुळे बोटींवर माणसं हवी होती, आणि दोन वर्षांत परत येतो असं मी तिला सांगून ठेवलं होतं. शेवटी मोटार हलली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "किसन, उपाशी झोपू नको." मी हसलो. विशीत अशा बोलण्याचं हसूच येतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आता सविस्तर सांगायचाही कंटाळा येतो. बोटीच्या भट्टीत कोळसा ओढला. मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदरात मला ताप भरला, दवाखान्यात उतरवलं आणि बोट पुढे गेली. बरा झालो तर ना बोट, ना काम. गोदीत कॉफीची पोती उचलू लागलो. आजही तेच करतो, फक्त पाठ पूर्वीची राहिली नाही.

इथे बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, दगडी पाट्यावर वाटतात आणि हातावर थापून तव्यावर टाकतात. त्या भाकरीला तोर्तिया म्हणतात. पहिल्यांदा तो थापण्याचा आवाज ऐकला तेव्हा मी भर बाजारात पोतं खाली ठेवून रडलो. माझी बायको रोसा सांगते की मिरची, मका, झेंडू सगळं इथलंच, स्पेनवाल्यांनी बोटीत घालून जगभर नेलं. मी कितीतरी दिवस भांडलो. मिरची मिरजगावची नाही हे मला कोण पटवणार? आता भांडत नाही. ती म्हणते ते खरं असेल.

झेंडूवरून मात्र माझी फजिती झाली. पहिल्या वर्षी एका सकाळी बाजारात झेंडूचे ढीग दिसले. तिथी-वार विसरून गेलो होतो, म्हटलं दसरा असणार. टोपलीभर फुलं घेतली, तोरण ओवलं, खोलीच्या दाराला बांधलं आणि उंबऱ्यावरही पाकळ्या टाकल्या. थोड्या वेळाने शेजारची म्हातारी काळी शाल पांघरून, मेणबत्ती आणि गोड पाव घेऊन आली. तुझ्या घरचं कोण गेलं, असं तिने विचारलं. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी सांगितलं, कोणी नाही, आमचा सण आहे. तिने मान हलवली आणि मेणबत्ती उंबऱ्यावर लावूनच गेली. इथे त्या दिवसांत मेलेली माणसं घरी जेवायला येतात आणि झेंडूच्या वासावर त्यांना वाट सापडते, हे मला नंतर कळलं.

लढाई संपल्यावर थोरल्या बहिणीचं, आक्काचं पत्र आलं. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, कुठल्या कुठल्या बंदरांत फिरून चार वर्षांनी हातात पडलेलं. आई त्या पहिल्याच वर्षी श्रावणात गेली होती. म्हणजे मी तोरण बांधून हसत होतो तेव्हा ती या जगात नव्हती. तिच्या तोंडात पाणी घालायला मी नव्हतो, दहाव्याला नव्हतो, आणि चार वर्षं ती जिवंत आहे असं धरून चाललो होतो. याची लाज मला अजून वाटते.

रोसा म्हणाली, यंदा आपल्या गेलेल्या माणसांच्या ताटांत तुझ्या आईचंही मांडू. ज्याला जे आवडायचं ते वाढायचं, हा इथला नेम. तिच्या वडिलांना चॉकलेट, आजीला केळीच्या पानातले तमाले, म्हणजे मक्याचे उंडे. मग तिने विचारलं, "तुझ्या आईला काय आवडायचं?"

मला सांगता येईना. मला काय आवडतं ते तिला पाठ होतं. तिला काय आवडतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. आक्काला पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत बाजारात पुन्हा झेंडू आला होता.

"किसन, मी लई इचार केला," आक्काने लिहून घेतलं होतं. "पन आईला काय आवडायचं ते मला बी ठावं न्हाई. ती कायम आपल्या मागनं जेवायची, उरलंसुरलं. आवड सांगायची येळच तिच्यावर आली न्हाई."

मी ते रोसाला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती. मग म्हणाली, "तर यंदा तिला सगळ्यांच्या आधी वाढू."

तव्यावरून उतरलेली पहिली तोर्तिया तिने आईच्या ताटात ठेवली. मी बाजूला मिरची ठेचून मीठ घातलं. आमच्यासारखे घर सोडून आलेले खूप जण भेटतात, तुझं घर कुठे म्हणून विचारतात. पूर्वी मी मिरजगाव म्हणायचो, मग वेराक्रूझ म्हणू लागलो. त्या दिवशी मी, रोसा आणि आमची तीन वर्षांची लेक, असे आम्ही तिघं त्या ताटासमोर बसून होतो, तेवढं घर मला पुरे वाटलं. लेकीने हात पुढे केला, भूक लागली म्हणाली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "थांब बाळ. आजी जेवतेय."