कनवटीचा गूळ

संगमनेरच्या एका कारकुनाची बायको सुनीतीबाई, भारीच कडक. दहा वर्षांच्या लेकीला, नीलांबरीला, मधुमेह जडला, तेव्हा इन्सुलिनची सुई उकळायला आणि मांडीत टोचून घ्यायला पोरीला त्यांनीच शिकवलं. गोडाला ‘नको’ म्हणायलाही त्यांनीच शिकवलं. एकदा तिनं बर्फी चाटली, तर फुंकणीनं हातावर वळ उठवला.

एकोणीसशे शेहेचाळीसच्या संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं. त्या धांदलीत नीलांबरीनं सुई टोचून घेतली, पण ती जेवायची राहिली. सुनीतीबाई वाण घ्यायला वळल्या, तर पोर भिंतीला टेकून घामानं निथळत होती, हात लटलटत होते. असं झालं की ताबडतोब गोड द्या, नाहीतर पोर हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुनीतीबाईंनी तिळगूळ तिच्या तोंडाशी नेला.

नीलांबरीनं दात घट्ट आवळले.

"खा, नीले!"

"मी नाही खाल्ला," ती पुटपुटली. "मारू नकोस."

सुनीतीबाईंनी बोटाला गूळ लावून तिच्या हिरड्यांना चोळला, पुन्हा चोळला, तिच्या नजरेत ओळख येईपर्यंत चोळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुळाचा खडा पुडीत बांधला.

"हा कनवटीला ठेव. हात कापायला लागले की खायचा. मला विचारायचं नाही."

नीलांबरीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

सुनीतीबाई पुडी पुढे धरून तशाच बसून राहिल्या. चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी उठल्या नाहीत.